बावीस बैलांची हजेरी

ते प्रकरण मनात आलं की मला आधी हसू फुटतं आणि मग कानाच्या पाळ्या गरम होतात. खात्यात तीस वर्षं काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, खोट्या साक्षी तर शेकड्याने ऐकल्या. त्यातलं निम्मंअधिक आता आठवतही नाही. पण बासष्ट सालच्या नोव्हेंबरात माझ्या ठाण्याच्या आवारात बावीस लादलेले बैल उभे होते आणि त्यांतला एक व्हरांड्याच्या कठड्यावरून मान आत घालून माझ्याकडे टक लावून पाहत होता, हे काही केल्या विसरता येत नाही. नावं कोणाचीच सांगणार नाही. शहाण्यासारखं वागलेली माणसं आता हयात नाहीत, आणि मूर्खासारखा वागलेला मी स्वतः आहे.

मी मूळचा घाटावरचा. पंचविशीत असताना यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, उमरखेड तालुक्यात माझी नेमणूक झाली. तिकडे ठाण्याच्या प्रमुखाला ठाणेदार म्हणतात. अंगावर नवी वर्दी आणि लोकांच्या तोंडी 'ठाणेदार साहेब', त्यामुळे माझी मान जरा ताठच असायची. ढाणकीच्या बाजाराचा पट्टा आमच्या हद्दीत यायचा. पैनगंगा ओलांडली की पलीकडे निजामाची जुनी मोगलाई. मुलूख कापसाचा आणि ज्वारीचा, माणसं मोकळी, आणि बोलणं असं की पहिले सहा महिने मला प्रत्येक जण रागावूनच बोलतोय असं वाटत होतं.

दिवाळीच्या सुमारास चीनची लढाई पेटली. आमच्या वरिष्ठ साहेबांचं गोपनीय परिपत्रक आलं की लाल झेंडेवाल्यांवर बारीक नजर ठेवा, दर शनिवारी अहवाल पाठवा. कम्युनिस्ट माणूस देव मानत नाही, ही त्याची ठळक खूण, असंही त्यात लिहिलं होतं. मी दोन शनिवार इमानेइतबारे 'निरंक' असा अहवाल पाठवला. तिसऱ्या आठवड्यात साहेबांचं खरमरीत पत्र आलं, 'शेजारच्या ठाण्याने दोघे शोधले. आपल्या हद्दीत केवळ साधुसंतच राहतात काय?' ते पत्र वाचून मी असा पेटलो की त्या दिवशी समोर लाल मुंडासं बांधलेला कोणी आला असता तरी त्याची खैर नव्हती.

नेमका त्याच दिवशी ढाणकीहून एक अर्ज आला. खाली सही नव्हती, पण अक्षर मी ओळखलं. ढाणकीत एक निवृत्त कारकून होते. त्यांच्या घरी रेडिओ होता, त्यामुळे लढाई त्यांच्या ओसरीवरच चाललीये असा त्यांचा समज झाला होता. आठच दिवसांपूर्वी ते जिनिंगवर पहारा करणाऱ्या गुरख्याला चिनी हेर म्हणून ठाण्यात घेऊन आले होते. गुरखा बिचारा हात जोडून सांगत होता की माझा सख्खा भाऊ तिकडे बंदूक घेऊन उभा आहे. त्याला चहा पाजून घरी पाठवलं होतं. म्हणजे अर्जदाराची लायकी मला पुरती ठाऊक होती. तरीही मी तो अर्ज गंभीरपणे घेतला, याला कारण साहेबांचं पत्र आणि माझं वय.

अर्जात लिहिलं होतं की ढाणकीपासून दोन कोसांवर असलेल्या लमाणांच्या तांड्यात लाल झेंडा उभा आहे, आणि शेजारी पांढराही आहे. लाल म्हणजे शत्रूशी इमान, पांढरा म्हणजे शरणागती. भर दुपारी तांड्यातून आरशांचे इशारे केले जातात. घराघरांतून ज्वारी गोळा करून गोण्या भरणं चालू आहे, बैल तयार केले जात आहेत. आणि एक परका म्हातारा येऊन सगळ्यांना उत्तरेकडचा रस्ता शिकवतो आहे. शेवटी 'देशप्रेमी' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

माझे जमादार अठरा वर्षं याच ठाण्यात होते. त्यांना सगळा तालुका ठाऊक, आणि ते सगळ्या तालुक्याला ठाऊक. पण अर्जावर मीच 'गोपनीय' असा शेरा मारलेला. गोपनीय म्हणजे गोपनीय. मी अर्ज कुलुपात ठेवला आणि त्यांना एवढंच सांगितलं, "जमादार, उद्या साध्या वेशात तांड्यावर जायचं. मी कापसाचा व्यापारी, तुम्ही माझे मुनीम."

जमादारांनी माझ्या वर्दीकडे पाहिलं. "बरं साहेब," म्हणाले. "मंग धोतर कोन नेसवून देते तुमाले?"

धोतर त्यांनीच नेसवलं. पायात मात्र मी सरकारी बूटच ठेवले, कारण सायकल मारायची होती. तांडा एका उतारावर होता. भोवती ज्वारीची कापणी झालेली शेतं, कडेला कपाशी फुटलेली. आम्ही सायकली टेकवतो न टेकवतो तोच चार कुत्री धावून आली आणि पाठोपाठ नायकाची बायको आली. तांड्याच्या प्रमुखाला नायक म्हणतात आणि तिला नायकण. पन्नाशीची, धिप्पाड बाई. ओढणीवर आणि घागऱ्यावर रुपयाएवढाले आरसे, ती वळली की डोळे दिपायचे.

"राम राम जमादार!" ती म्हणाली, आणि मग माझ्या बुटांकडे पाहून, "आन् हे शेटजी कोन?"

"कापूस पाहाले आले," जमादार म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"बसा शेटजी. पानी घ्या. आमच्या कापसाले लय लांबून गिऱ्हाइक येऊन राह्यलं या सालाले."

मी पाणी प्यालो, ज्वारीची भाकर आणि तिखटजाळ ठेचा खाल्ला, आणि डोळ्यांतून पाणी गाळत टेहळणी केली. लिंबाखाली एक ओटा होता. त्यावर मूर्ती नव्हती की घुमटी नव्हती, फक्त दोन उंच काठ्या, एकीवर लाल झेंडा, दुसरीवर पांढरा. म्हणजे देव नाही! एका छपराखाली गोण्यांची थप्पी लागलेली. माणसं बैलांच्या शिंगांना तेल लावत होती, गळ्यात घुंगरं बांधत होती. एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा तंतुवाद्य मांडीवर घेऊन काहीतरी म्हणत होता आणि पाचसात जण एकेक गाव त्याच्यामागून म्हणत होते. त्यात मला बऱ्हाणपूर ऐकू आलं, ग्वाल्हेर ऐकू आलं, आणि चक्क दिल्ली ऐकू आली. अर्जातलं एकूणएक वाक्य खरं निघालं होतं. सगळं खोटं असतं तर मी वाचलो असतो.

नायक स्वतः समोर बसला होता. साठीचा, बारीक चणीचा, मोठ्ठ्या पागोट्यातला माणूस. मी त्याला कापसाचा धागा विचारला, बी विचारलं, पाऊसपाणी विचारलं. जे विचारायला हवं होतं तेवढं सोडून सगळं विचारलं. त्यानेही प्रत्येक प्रश्नाला अदबीने उत्तर दिलं आणि निरोप देताना म्हणाला, "शेटजी, येत जा. तुमचे बूट मात्र फक्कड हाय."

परत आल्यावर मी रात्रीच्या जेवणाआधी अहवाल लिहून टाकला. 'सर्व मुद्दे प्रत्यक्ष पाहणीत खरे आढळले. देऊळ आढळले नाही.' साहेबांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी मोटारीने आलं. नायकाला ठाण्यात आणून जबाब घ्या, संशयितांच्या वहीत तांड्यातील सर्व पुरुषांची नोंद करण्याची तयारी ठेवा, मी उद्या दुपारी स्वतः येतो. मी ती लांबलचक वही काढली, कोऱ्या पानावर पट्टीने रकाने आखले आणि शिपायाला भल्या सकाळी समन्स देऊन पाठवलं.

शिपाई दहाच्या सुमारास सायकल हातात धरून चालतच आला.

"मिळाला का नायक?"

"मियाला साहेब. येऊन राह्यला."

"एकटाच ना?"

शिपायाने सायकल भिंतीला टेकवली. "सगळेच येऊन राह्यले साहेब."

मग घुंगरं ऐकू आली. मी बाहेर आलो. रस्त्याने आधी पांढरा झेंडा, मग लाल झेंडा, त्यामागे कवड्यांची झूल घातलेला म्होरक्या बैल, त्यामागे पाठीवर गोण्या घेतलेले एकवीस बैल, आणि त्यांच्या मागे सगळा तांडा. पुरुष, बाया, म्हाताऱ्या, कडेवरची पोरं, दोन शेळ्या आणि ती चारही कुत्री. आमच्या कोठडीत चार माणसं मावायची, तीही उभी. पहाऱ्यावरच्या शिपायाने काय समजून कोण जाणे, कोठडीला घाईघाईने कुलूप घातलं.

"अहो, मी फक्त नायकाला बोलावलं होतं!" मी ओरडलो.

नायकाने हात जोडले. "साहेब, तांड्याच्या कामात नायक एकटा बोलत नाई. नसाब बसते, म्हंजे सगळे बसते. सगळ्यायचा एक शब्द झाला का मंग मी तो सांगतो. तुमचा शिपाई आला तवा आमी निघालोच होतो, मंग म्हटलं वाटेत ठाणं हाय, होऊन जाऊ."

"आणि हे बैल? त्यांच्या पाठीवरचं ओझं उतरवा आधी!"

"ते नाई होत साहेब. देवापुढं अरदास झाली, बैल लादले. आता ओझं जिथं पोचवाचं तिथंच उतरते. मंधात नाई, घरी तं नाईच नाई."

तेव्हा जबाब आवारातच सुरू झाला. मी टेबल व्हरांड्यात घेतलं. माझ्या नोकरीत एवढा लांबलेला जबाब दुसरा नाही. प्रश्न मी एक विचारायचा, मग सगळा तांडा गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या भाषेत, त्यावर खल करायचा. म्हातारे बोलायचे, बाया हरकत घ्यायच्या, कोणीतरी रुसायचं, त्याची समजूत काढायची, आणि पंधरा मिनिटांनी नायक उत्तर द्यायचा.

"नाव काय?"

पंधरा मिनिटं. "नायक."

"व्यवसाय?"

पुन्हा खल. "आधी बैलावर माल वाहाचो. आता शेती. आजपासून पुन्हा माल."

"रशिया माहीत आहे का?"

या प्रश्नावर बराच गलका झाला. शेवटी नायकाने गंभीरपणे विचारलं, "तिथं बाजार कोन्त्या वारी भरते साहेब?" मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मागे बाया ओढण्या तोंडात धरून हसत होत्या, हे माझ्या लक्षात आलं नाही. ढाणकीच्या रेडिओसमोर रोज संध्याकाळी जाऊन बसणाऱ्यांत नायक पहिला असायचा, हे जमादारांनी मला नंतर सांगितलं.

"देव मानता का?"

"मानतो तं! सकायी सोबत आणला नाई का? हा पांढरा झेंडा आमच्या महाराजायचा, खऱ्याचा. हा लाल याडीचा, म्हंजे देवीचा. आमची आई. मूर्ती बैलावर फुटते साहेब, झेंडा नाई फुटत. बापजाद्यायपासून देव असाच वाह्यला."

मी सावकाश जमादारांकडे वळलो. "जमादार, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं ना साहेब. साऱ्या तालुक्याले ठाऊक हाय. जिथं तांडा तिथं हे दोन झेंडे."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"अर्ज गोपनीय होता ना साहेब. मी इचाराचं कसं? आन् तुमी तं कापसाचंच बोलत होते."

तरी मी हट्टाने पुढे गेलो. "अरदास काय केली देवापुढे? काय मागितलं?"

"जे रोज मागतो ते. साऱ्यायचं भलं कर. गायीगुरायचं कर, झाडायचं कर, किडामुंगीचं कर, मंग आमचं कर."

मला वाटलं, सापडला! "साऱ्यांचं? म्हणजे चिन्यांचंही?"

या वेळी खल फार वेळ चालला. दोन म्हातारे हमरीतुमरीवर आले. शेवटी नायक म्हणाला, "मुंगीचं मागतो तं त्याले काहून सोडू साहेब? पन त्याले आधी अक्कल दे, आन् मंग भलं कर, असं ठरलं."

"आरशांचे इशारे कोण करतं?"

आता नायकणच पुढे आली. ओढणी दोन्ही हातांनी पसरून तिने ऊन सरळ माझ्या डोळ्यांत घातलं. "हे इशारे! आभायातलं इमान उतरत असन तं उतरू द्या शेटजी, त्यालेबी चार आरसे शिवून देतो. आन् हेबी पाहून घ्या. रातीचा दिवस करून शिवलं बायायनं." तिने कमरेजवळची गुंडाळी सोडली आणि दुसऱ्या बाईच्या मदतीने ती उलगडली.

तिरंगा होता. केशरी पट्टा कोणाच्या तरी जुन्या घागऱ्याचा, पांढरा पागोट्याचा, हिरवा ओढणीचा. कडेने कवड्या, तिन्ही पट्ट्यांवर बारीक टाके. मधल्या चक्राच्या जागी एक गोल आरसा बसवला होता आणि त्याभोवती निळ्या दोऱ्याच्या आऱ्या काढल्या होत्या. जमादारांनी टाच जुळवून खाडकन सलाम ठोकला. मग शिपायांनी ठोकला. टेबलाशी मी एकटाच बसलेला होतो. मीही उठून सलाम केला. तेव्हा त्या आरशात मला माझा चेहरा दिसला, टोपीसकट. फार काही रुबाबदार दिसत नव्हता.

शेवटचा प्रश्न मी खरं तर सवयीने विचारला. "कुठे निघाला होता?"

"लढाईवर."

"कोणाच्या बाजूने?"

मी खल सुरू होण्याची वाट पाहत होतो, पण कोणीच बोलेना. नायकाने मागे वळून तांड्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हे मी एकटाच सांगतो साहेब," तो म्हणाला. "याले नसाब नाई लागत. ढाणकीच्या बाजारात एक पुढारी आलते. गाडीवर उभं राहून म्हणे, आपल्या फौजेले रसद पाह्यजे. ज्याच्या बापजाद्यायनं जे देल्लं, ते त्यानं द्यावं. आमच्या बापजाद्यायनं काय देल्लं? फौजेले दानापानी देल्लं. राजाची फौज असो, बादशाची असो, मीठ-ज्वारी बैलावर घालून मांगं मांगं चालले. कोनाची फौज म्हनून कधी इचारलं नाई. आपली कोन्तीच नोती ना! मंग रेल्वे आली, बैल बसले. आन् मंग नदीपलीकडं सरकारनं आमाले चोरायच्या वहीत लिहिलं."

त्याने माझ्या टेबलावरच्या वहीकडे बोट दाखवलं. "अशीच लांब वही होती. मी वीस वर्साचा होतो. चोरी कोन्ती केली ते मले अजून कोनी सांगतलं नाई. दर आठवड्याले चावडीत जाऊन 'हजर' म्हनाचं. ज्या सकायी माहा बाप मेला, त्या सकायीबी आधी हजेरी देल्ली, मंग त्याले उचललं. मंग आपलं राज आलं आन् ती वही बंद झाली. हे ढाडीबुवा, आमचे गाणारे भाट, गावोगावचे जुने मुक्काम गाऊन सांगते, म्हनून रस्ता त्यायच्याकडून घोकून घेतला. आजवर पह्यल्यांदा कोनी आमाले 'आपली फौज' म्हटलं साहेब. आमी बैल लादले. आन् तुमी इचारून राह्यले, कोनाच्या बाजूनं." त्याने वही माझ्याकडे सरकवली. "लिहाचं असन तं लिहा त्या वहीत. पन मंग पोरायले तुमीच सांगा, काहून लिहिलं."

मला लाज वाटली. साधी नाही, घाम फुटणारी लाज. आदल्या संध्याकाळी पट्टी धरून मी ते रकाने किती सुबक आखले होते! ज्या माणसाचं नाव एकदा अशा वहीतून सुटलं होतं, ते मी साहेबांच्या एका कुत्सित वाक्यापायी पुन्हा वहीत घालायला निघालो होतो. आणि त्याच वेळी म्होरक्या बैलाने कठड्यावरून मान घालून माझ्या टेबलावर काढून ठेवलेला तो निनावी अर्ज ओढला आणि शांतपणे चघळायला सुरुवात केली. मुद्देमाल होता, पण मी त्याला अडवलं नाही.

मी शाळेतून हिंदुस्थानचा नकाशा मागवला, भिंतीला लावला आणि हिमालय दाखवला. ढाणकी कुठे, लढाई कुठे. बैलांच्या चालीने पाचसहा महिने लागतील म्हणालो.

"तवर टिकन का लढाई?" नायकाने विचारलं.

"नाही टिकली तर?"

"तं बरंच हाय. वापस येऊ. पन ओझं फौजेच्याच हातात उतरन."

इथे गाडं पुन्हा अडलं. मी विचारणा केल्यावर तहसिलीतून निरोप आला की संरक्षण निधीत रोकड आणि सोनं घेतो, ज्वारी घेण्याचा हुकूम नाही. बैल उभे, ऊन वाढलेलं, शेळीने आमची तुळस संपवलेली. आणि तेवढ्यात साहेबांची जीप आली. मागच्या सीटवर ढाणकीचे देशप्रेमी, अटक पाहायला मुद्दाम इस्त्रीचा सदरा घालून आलेले.

साहेब म्हणजे पिळदार मिश्या आणि भडक डोकं. खाली उतरून बैलांमधून वाट काढत ते गरजले, "हा काय बाजार मांडलाय? आरोपी कुठंय?" मी जबाब पुढे केला. ते येरझारा घालतच वाचू लागले. वाचता वाचता त्यांची चाल थांबली, मग मिशी पिळणारा हात थांबला. साहेब पोलिसात येण्याआधी महायुद्धात लष्करात होते, हे आम्हाला माहीत होतं. त्याबद्दल ते कधी बोलत नसत.

त्या दिवशी बोलले. "ब्रह्मदेशाच्या जंगलात अकरा दिवस रसद आली नव्हती," म्हणाले. "आम्ही पट्ट्याचं चामडं उकळून खाल्लं." त्यांनी एका गोणीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच ठेवला. मग माझ्याकडे वळून कडाडले, "गाढवा, ह्या लोकांना तू वहीत घालणार होतास?"

आपलाच हुकूम होता साहेब, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण नोकरीची अजून बरीच वर्षं बाकी होती.

साहेब नायकासमोर उभे राहिले. "मी लष्करातला माणूस आहे. ओझं माझ्याकडे उतरवा. फौजेपर्यंत पोचवणं माझ्या जिम्म्यावर."

नायकाने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "लष्करातले? मंग सलाम करून दाखवा."

जमादारांनी डोळे मिटून घेतले. पण साहेबांनी छाती काढली, त्या आरशांच्या तिरंग्याकडे तोंड केलं आणि असा सलाम ठोकला की तसा मी परेडमध्येही कधी पाहिला नाही. नायकाने मान डोलावली, तांड्याकडे पाहिलं, आणि या वेळी नसाब क्षणात आटोपली. घुंगरांच्या गोंधळात गोण्या उतरू लागल्या.

मला वाटलं, सुटलो. पण नायक पुन्हा टेबलाशी आला. "आता हजेरी घ्या."

"कसली हजेरी?"

"त्याच वहीत घ्या साहेब. तवा शिपाई धरून न्याचा आन् 'हजर' म्हनाले लावाचा. आज आपल्या पायानं आलो. लिहा."

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली. मी वही उघडली. नाव, वय, राहणार, संशयाचे कारण, शेरा. संशयाच्या रकान्यावर मी पट्टी ठेवून वरपासून खालपर्यंत रेघ मारली आणि नावं पुकारायला लागलो. एकेक जण पुढे यायचा, ताठ उभा राहून 'हजर' म्हणायचा. ढाडीबुवांनी ते सुरात म्हटलं. नव्वदीच्या एका आजीबाईने 'हजर' म्हणून वर मला विचारलं, "चिनी कई येते? मले दुपारची झोप लागते." माणसं संपल्यावर नायक म्हणाला, "बैल राह्यले." ओझं त्यांनीच उचललं होतं, त्यामुळे मुद्दा बिनतोड होता. बावीसही बैलांची नावं लिहिली. सोन्या, पवळ्या, हिऱ्या. त्यांच्या वतीने मालक 'हजर' म्हणत होते. म्होरक्याचं नाव आलं तेव्हा तो स्वतःच हंबरला, आणि ठाण्यात अशी हसण्याची लाट उठली की साहेबही मिशीत हसले.

देशप्रेमी जीपच्या आडोशाला उभे होते. नायकणने त्यांना बरोबर हेरलं. "तुमी बाकी हाय ना भाऊ? सांगा, तुमी काय लादून आणलं?" ते 'हजर' असं काहीतरी पुटपुटले आणि पायीच ढाणकीकडे निघाले. जीपमध्ये जागा होती, तरीही.

साहेबांनी शब्द पाळला. ट्रक आला, ज्वारी गेली. दोनतीन दिवसांतच रेडिओवर बातमी आली की चीनने लढाई थांबवली. बाजाराच्या दिवशी नायकण मला रस्त्यात भेटली. "पाह्यलं का साहेब?" म्हणाली. "आमच्या रसदीची बातमी लागलेली दिसते त्याले."

त्या शनिवारच्या अहवालात मी पुन्हा 'निरंक' लिहिलं. साहेबांनी काहीच विचारलं नाही.

पुढे नवे फौजदार माझ्या हाताखाली शिकायला यायचे, तेव्हा मी त्यांना एकच गोष्ट बजावायचो. पाळत ठेवा, अर्ज वाचा, पुरावा गोळा करा, सगळं करा. पण त्याआधी माणसाच्या दारात जाऊन, स्वतःच्या नावाने, सरळ विचारा की बाबा, काय करतोयस? मी त्या दिवशी तांड्यावर वर्दीत गेलो असतो आणि एवढंच विचारलं असतं, तर नायकाने मला पहिल्या भाकरीलाच सगळं सांगितलं असतं. पुढे मी त्याला त्याबद्दल बोललोही होतो. तो म्हणाला होता, "तुमी व्यापारी बनून आलते ना साहेब. लढाईची गोष्ट व्यापाऱ्याले कायले सांगू?"

दोन वर्षांनी माझी बदली झाली. निरोप घ्यायला मी तांड्यावर गेलो, या खेपेला वर्दीत. कुत्री भुंकली नाहीत. नायकणने दुरूनच हाक मारली, "या शेटजी! कापूस घ्याचाच राह्यला तुमचा." लिंबाखाली आता तीन काठ्या होत्या. तिसरीवर तो आरशांचा तिरंगा, उन्हात लखलखत असलेला. ढाणकीपर्यंत इशारे पोचत असणार, पण अर्ज काही आला नव्हता.

नायक खाटेवर होता. खंगला होता, खोकत होता. माझा हात धरून त्याने विचारलं, "साहेब, ती वही हाय ना ठान्यात?"

"आहे की. कुलपात आहे."

"फाडू देजा नोका कोनाले. नव्या ठाणेदाराले सांगून जा." श्वास पुरेना म्हणून तो जरा थांबला. "आता माह्यानं कुठं येनं होत नाई. पन तिथं लिहेल हाय ना, मी हजर हाय म्हनून."

मी सांगून आलो.